सायकल रिक्षांचं नियमन करायचंय? सुरुवात मोजणीपासून करा

पहाटेचे साडेपाच. विदर्भातल्या एका शहरात, जुन्या बाजाराच्या मागच्या वखारीत सतरा सायकल रिक्षा एकाच लांब साखळीत ओवून ठेवलेल्या होत्या. मुनीम चहाचा ग्लास खाली ठेवून कुलूप काढायचा, वहीत नाव लिहायचा, आणि एकेक जण आपली रिक्षा ओढत बाहेर न्यायचा. मी त्या दिवशी मोजणीला गेलो होतो. प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले. रिक्षा कुणाची? परवाना कुणाच्या नावावर? पहिल्या प्रश्नाला सतराही जणांनी ‘शेठची’ असं उत्तर दिलं. दुसऱ्याचं उत्तर एकालाही देता आलं नाही. मागच्या बाजूला ठोकलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यांवरचे नंबर मात्र नीट वाचता येत होते. तीन रिक्षांवर एकच नंबर होता.

कागदोपत्री त्या शहरात सायकल रिक्षांचं नियमन होतं. संख्या ठरलेली होती, बिल्ले दिलेले होते, दरवर्षी फी जमा होत होती. दिवसभर पायडल मारणारा माणूस तेवढा त्या कागदांत कुठेच नव्हता. तेव्हापासून मी जिथे जिथे या विषयावर बोलतो तिथे हेच सांगतो, की शहरात रिक्षा किती असाव्यात हा नंतरचा प्रश्न आहे. रिक्षा कुणाची आणि ती चालवायचा हक्क कुणाच्या नावावर, हे आधी सोडवा. नगरसेवक, पालिकेचे अधिकारी आणि वाहतुकीवर काम करणारे नागरिक गट यांना उपयोगी पडावं म्हणून पुढचे टप्पे, मी ज्या क्रमाने जाईन त्या क्रमाने मांडतो आहे.

१. रिक्षा कुठे चालेल, ते ठरवा

सायकल रिक्षा एक ते तीन किलोमीटरच्या फेरीसाठी उत्तम. स्टेशन किंवा एसटी स्टँडपासून बाजारपेठ, मेट्रो स्टेशनपासून वस्ती, पेठांतल्या अरुंद गल्ल्या, दवाखाना, किल्ल्याचा किंवा देवळाचा परिसर. चढ, उड्डाणपूल आणि महामार्ग ही तिची जागा नाही. शहराचा नकाशा पसरून अशा आठ-दहा जागांवर खुणा करा आणि एवढ्याच भागाचा आधी विचार करा. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात बिगरमोटार वाहनांना रस्त्यावर जागा द्यायला सांगितलं आहे. प्रस्ताव लिहिताना त्याचा आधार घ्या.

२. अधिकार कुणाचा, ते पक्कं करा

इथे बऱ्याच पालिका अडकतात. फाइल आरटीओकडे जाते, तिथून परत येते, आणि वर्ष निघून जातं.

निव्वळ पायडलवर चालणारी रिक्षा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात बसत नाही, कारण तिला यांत्रिक शक्ती नाही. म्हणजे तिची नोंदणी, परवाना आणि तपासणी हे स्थानिक संस्थेचं काम. महानगरपालिकेला हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ खाली उपविधी, म्हणजे पालिकेचे स्वतःचे नियम, करून करता येतं. नगरपरिषदांसाठी १९६५ चा अधिनियम आहे. मसुदा सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा, हरकती-सूचना मागवायच्या आणि राज्य सरकारची मंजुरी घ्यायची. कुठल्या रस्त्यावर कुठल्या वेळी प्रवेश, हे मात्र पोलिसांच्या वाहतूक अधिसूचनेतून ठरतं. म्हणून वाहतूक शाखेच्या अधिकाऱ्याला पहिल्या बैठकीपासून टेबलावर बसवा. उपविधी मंजूर होऊन आला आणि तोवर स्टँडच्या रस्त्यावरच नो-एंट्री लागली, असं व्हायला नको.

मोटार बसवली की चित्र पालटतं. ई-रिक्षा हे मोटार वाहन आहे: आरटीओत नोंदणी, चालकाला लायसन्स, चारच प्रवासी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटर. पायडलला मदत करणारी छोटी मोटार असेल तर केंद्रीय नियमांतली सूट तपासा. तिच्या अटी अशा: मोटार २५० वॅटपेक्षा कमी, २५ किलोमीटरच्या वेगाला किंवा पायडल थांबताच बंद होणारी, आणि बॅटरी सोडून वाहनाचं वजन ६० किलोपेक्षा जास्त नको. ही शेवटची अट नीट वाचा. जुन्या धाटणीची लोखंडी सायकल रिक्षा एकटीच ६० किलोच्या वर जाते. विक्रेता ‘याला पासिंग लागत नाही’ म्हणाला, तर मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र त्याच्याकडून लेखी घ्या.

३. मोजणी

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. भर दुपारी चौकात उभं राहून मोजलं तर आकडा खोटा निघतो. अर्ध्या रिक्षा गल्लीत असतात, काही चालक झाडाखाली झोपलेले असतात, तर एकच रिक्षा दोन चौकांत दोनदा मोजली जाते.

मोजायचं ते पहाटे साडेचार ते साडेसहाच्या मध्ये, रिक्षा जिथे रात्री उभ्या असतात तिथे: वखारी, मोकळे प्लॉट, पुलाखाली, दुरुस्तीच्या दुकानांपुढे. आधी दुरुस्तीवाल्यांकडे जा. कुठल्या शेठच्या किती गाड्या, कुठे उभ्या राहतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. वर्षातून दोनदा मोजा. एकदा लग्नसराईत, आणि एकदा पेरणीच्या दिवसांत. बालाघाटकडून, छत्तीसगडमधून आलेले बरेच चालक पाऊस लागला की शेतीला गावी जातात. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे हंगामी चालक. नियम करताना सगळ्यात आधी तेच बाहेर फेकले जातात, म्हणून तो फरक लिहून ठेवणं गरजेचं आहे.

फॉर्म एका पानाचा पुरे. चालकाचं नाव, गाव, किती वर्षं चालवतो, वर्षात किती महिने, रिक्षा स्वतःची की भाड्याची, रोजचं भाडं किती, दुरुस्ती कोण करतं, रात्री कुठे झोपतो. आधार कार्ड मागू नका; मोजणीच्या दिवशी ओळखपत्र मागितलं की लोक पळतात. सोबत पोलीस नकोत. पालिकेचा गणवेशातला माणूसही नको. आशाताई, समाजकार्य महाविद्यालयाचे विद्यार्थी किंवा चालकांपैकीच एखादा जाणता माणूस सोबत असला की काम सोपं होतं. आमच्या मोजणीत एका वयस्क रिक्षावाल्याने पहिल्या तासाभरात आम्हाला एक गोष्ट शिकवली. ‘दिवसाला किती कमावता’ हे विचारू नका, ‘काल किती फेऱ्या झाल्या’ ते विचारा. कालच्या फेऱ्या माणसाला आठवतात, कमाई तो भीतीपोटी कमी सांगतो.

४. मालकी आणि परवाना: इथे घाई करू नका

आपल्या देशात या प्रश्नावर दोन मोठे निकाल झाले आहेत. मसुदा लिहिणाऱ्याने दोन्ही समजून घ्यायला हवेत, कारण वरवर पाहता ते एकमेकांच्या उलट दिसतात.

पंजाबने १९७५ मध्ये कायदा केला की जो स्वतः चालवतो त्याच्याच मालकीच्या रिक्षेला परवाना मिळेल. हेतू चांगला होता, भाडेखाऊ शेठ मधून काढायचा. पण ज्याच्याकडे रिक्षा घ्यायला पैसे नाहीत त्याची त्या दिवसापासून रोजीच बुडणार होती. आझाद रिक्षा पुलर्स युनियनचं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निकाल देताना कायदा मोडीत काढला नाही; चालकांना रिक्षा घेण्यासाठी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज मिळेल अशी योजना त्यांनी लावून दिली. मालकीची अट घालायची असेल तर मालक होण्याची सोय आधी करा, असा त्याचा अर्थ.

दिल्लीत १९६० चे उपविधी होते. मालकानेच चालवायची, एका माणसाला एकच परवाना. विधवा आणि अपंग व्यक्तींना तेवढी पाचपर्यंत सवलत. वरून शहरासाठी ९९ हजारांची मर्यादा. प्रत्यक्षात रस्त्यावर काही लाख रिक्षा होत्या. मर्यादेबाहेरची प्रत्येक रिक्षा जप्तीला पात्र, आणि जप्त रिक्षा तोडून भंगारात. मानुषी संघटन या स्वयंसेवी संस्थेने आव्हान दिलं आणि १० फेब्रुवारी २०१० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही मर्यादा, मालक-चालकाची अट आणि रिक्षा मोडण्याची पद्धत, तिन्ही रद्द केल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ मध्ये तो निकाल कायम ठेवला.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून मी जो मार्ग सुचवतो तो असा. चालकाचा बिल्ला आणि रिक्षेवरची नंबराची पाटी या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या करा. बिल्ला माणसाला मिळतो: फोटोसह, हस्तांतरित न होणारा, अर्ज केल्यावर सात दिवसांत, नाममात्र फीमध्ये, संख्येची मर्यादा न ठेवता. चार महिन्यांसाठी येणाऱ्याला चार महिन्यांचा बिल्ला द्या. पाटी वाहनाला मिळते, तपासणी झाल्यावर. रिक्षा भाड्याने द्यायला बंदी घालू नका, पण भाड्याने देणाऱ्याची नोंदणी करा, रोजच्या भाड्याची कमाल मर्यादा ठरवा आणि एका नावावर किती पाट्या, यावर आकडा घाला. न्यूयॉर्कने पेडिकॅबसाठी, म्हणजे तिथल्या सायकल रिक्षांसाठी, २००७ मध्ये कायदा केला, तो महापौरांचा नकाराधिकार डावलून मंजूर झाला होता; तिथे एका व्यवसायाला जास्तीत जास्त ३० पाट्यांची मर्यादा आहे. आपल्या मध्यम शहरात दहा पुरेत.

एकूण संख्येवर मर्यादा घालण्याचा मोह टाळा. ढाक्यात १९८० च्या दशकात नवीन परवाने देणं थांबलं. परवाने ऐंशी हजारांच्या आसपास राहिले, रस्त्यावरच्या रिक्षा मात्र कित्येक पटींनी वाढल्या, आणि खोट्या पाट्या विकणाऱ्या संघटनांचा धंदा उभा राहिला. त्याच ढाक्यातल्या रिक्षा आणि त्यांच्यावरच्या चित्रकलेला २०२३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. पण ती चित्रं मिरवत धावणाऱ्या बहुतेक रिक्षा कागदोपत्री बेकायदाच होत्या. मर्यादित परवाना ही विकायची वस्तू होते. सुरुवातीला सांगितलेला एकाच नंबराचा तीन रिक्षांवरचा बिल्ला त्याच बाजारातून आलेला होता.

मालकीसाठी कर्जाचा रस्ताही याच टप्प्यात उघडा. गुवाहाटीत २००४ मध्ये सेंटर फॉर रुरल डेव्हलपमेंटने ‘रिक्षा बँक’ सुरू केली. चालक रोज भाड्याइतकीच रक्कम भरतो, पण ती कर्जफेड म्हणून, आणि ठरल्या मुदतीत रिक्षा त्याची होते. आपल्याकडे हे काम महिला बचत गटांचा महासंघ किंवा नागरी सहकारी बँक करू शकते. पालिकेने पहिल्या दोन-चार टक्के बुडीताची हमी घेतली तरी बँक तयार होते. कर्ज चालकाच्या नावावर, पाटी त्याच्याच नावावर, आणि परतफेड होईपर्यंत ती पाटी विकता येणार नाही, हे उपविधीत स्पष्ट लिहा.

५. वाहन: ब्रेकपासून सुरुवात

जुन्या रिक्षेचा ब्रेक कधी जवळून पाहा. हँडलची एक सळई, पुढच्या चाकाच्या रिमवर दाबणारे दोन रबरी गुटके, बस. मागची दोन्ही चाकं मोकळी. दोन सवाऱ्या आणि किराणा मालाची पिशवी मिळून दीडशे किलो मागे, आणि ते सगळं थांबवायचं पुढच्या एका चाकाने. पावसात रिम ओली झाली की गुटके घसरतात, म्हणून चालक पाय जमिनीला घासत रिक्षा थांबवतो. त्याच्या चपलेचा उजवा तळ नेहमी आधी झिजलेला असतो.

म्हणून तपासणीत पहिली अट मागच्या चाकांना ब्रेक. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंचवीसेक वर्षांपूर्वीच सुधारित सायकल रिक्षा बनवली होती, गिअर असलेली आणि मागच्या चाकांना ब्रेक असलेली. त्यांनी मोटारीची मदत घेणारी आणि पूर्ण विजेवरची रिक्षाही तयार केली. ज्ञान आपल्या सातारा जिल्ह्यातच आहे. निविदेत ‘मागील चाकांना ब्रेक व किमान तीन गिअर’ एवढी ओळ घालायची आहे.

तपासणी कागदावर करू नका. पालिकेच्या आवारात हलका उतार असलेली जागा निवडा, रिक्षेत दीडशे किलोची वाळूची पोती ठेवा, आणि खुणेच्या रेषेपासून तीन मीटरच्या आत रिक्षा थांबते का ते बघा. एकदा कोरड्यात, एकदा रिमवर पाणी ओतून. मग पुढचा पांढरा दिवा, मागचा लाल, दोन्ही बाजूंना परावर्तक पट्ट्या, घंटी, बसताना धरायला दांडी आणि ज्येष्ठांना चढता येईल एवढ्या उंचीची पायरी. छत घट्ट हवं पण कापडी. पत्र्याचं वजन चालकाच्या गुडघ्यांवर येतं. रुंदी सव्वा मीटरच्या आत ठेवा, म्हणजे पेठेतल्या गल्लीत समोरून दुचाकी निघते. मोठ्या आवाजाचे स्पीकर आणि झगमगते दिवे याला सुरुवातीपासूनच मनाई असू द्या. लंडनमध्ये पर्यटकांसाठीच्या पेडिकॅबनी नेमका हाच त्रास इतका वाढवला की आवाज आवरण्याची तरतूद थेट कायद्यात करावी लागली.

जुन्या रिक्षांना मुदत द्या. ब्रेक बदलायला सहा महिने, गिअर पुढच्या खरेदीपासून. मागच्या ब्रेकचा खर्च पहिल्या वर्षी पालिकेने उचलावा. हा सुरक्षेचा खर्च आहे, दुभाजक रंगवण्यापेक्षा खचितच जास्त गरजेचा.

६. थांबा आणि रस्ता

हिशेब सोपा आहे. सायकल रिक्षा साधारण अडीच मीटर लांब, एक मीटरहून थोडी जास्त रुंद. एका मोटारीच्या पार्किंगच्या जागेत, म्हणजे पाच बाय अडीच मीटरमध्ये, चार रिक्षा उभ्या राहतात. स्टेशनबाहेरच्या दहा मोटारींच्या जागेत चाळीस रिक्षांचा स्टँड होतो. स्टँडवर सावली, पिण्याचं पाणी, हवेचा पंप आणि स्वच्छतागृह एवढं हवंच. विदर्भातला मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला कारण सांगावं लागणार नाही.

दिल्लीच्या चांदनी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या सव्वा किलोमीटरच्या रस्त्यावर २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटार वाहनांना बंदी आहे आणि सायकल रिक्षांना प्रवेश. आपल्या जुन्या बाजारांत हे वेळेच्या पट्टीने करता येतं. मालाचे टेम्पो सकाळी नऊच्या आत, नंतर फक्त पायी, सायकल आणि सायकल रिक्षा. व्यापारी आधी विरोध करतात. त्यांना स्टँडची जागा निवडायच्या बैठकीत बोलवा, कारण गिऱ्हाईक दारापर्यंत कसं येणार ही त्यांची चिंता खरी आहे आणि तिचं उत्तर रिक्षाच आहे.

ई-रिक्षांशी स्पर्धा लावू नका. ई-रिक्षा सीट भरून सरळ रस्त्याने जाते, दहा-पंधरा रुपयांत माणूस पोहोचतो. तिथे पायडलवाला टिकत नाही. त्यातच ई-रिक्षांना परवान्याची गरज केंद्राने २०१६ मध्ये काढून टाकल्यामुळे त्या भराभर वाढल्या. मोठा रस्ता ई-रिक्षेला, आतल्या गल्ल्या सायकल रिक्षेला, आणि दोघांचा एक सामाईक थांबा, अशी विभागणी अधिसूचनेत करा.

७. भाडं

भाडं अंदाजाने ठरवलं की कुणीच पाळत नाही. हिशेब असा मांडा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या मोजणीतले घाला. चालकाच्या हातात दिवसाला ६०० रुपये पडायला हवेत. शेठला द्यायचं रिक्षेचं भाडं किंवा कर्जाचा हप्ता ७०, दुरुस्तीला ३०. एकूण ७००. दिवसाला सरासरी १६ फेऱ्या होत असतील तर फेरीला सुमारे ४४ रुपये. मग दरपत्रक होतं: पहिल्या किलोमीटरला ३०, पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोमीटरला १०. हे भाडं रिक्षेचं, माणशी नाही. रात्री दहानंतर दीडपट, आणि हातातल्या पिशवीपलीकडच्या सामानाला ठरावीक जादा रक्कम.

स्टँडवरून नेहमीच्या ठिकाणांचं ठरलेलं भाडं मोठ्या अक्षरांत फलकावर लिहा: ‘स्टेशन ते भाजी मंडई ४० रुपये’. किलोमीटर कुणी मोजत बसत नाही. पर्यटन भागात वेळेनुसार भाडं लावायचं असेल तर न्यूयॉर्कची पद्धत घ्या. तिथे मिनिटाचा दर आणि चालू असलेलं घड्याळ प्रवाशाला दिसलं पाहिजे. लंडनला असा कुठलाच नियम नसल्यामुळे पर्यटकांकडून काही मिनिटांच्या फेरीचे शेकडो पौंड उकळले जात. अखेर २५ एप्रिल २०२४ रोजी पेडिकॅबसाठी स्वतंत्र कायदा होऊन परवाने, भाडं आणि वेळा ठरवण्याचे अधिकार तिथल्या वाहतूक प्राधिकरणाला मिळाले.

फोनवर रिक्षा बोलावण्याची सोय छोट्या शहरात मस्त चालते. पंजाबच्या फाजिल्का या लहानशा गावात २००८ मध्ये ‘इकोकॅब’ नावाने ती सुरू झाली. महागडं ॲप लागत नाही. प्रत्येक स्टँडला एक मोबाइल नंबर, तो उचलायला स्टँडजवळचा चहावाला, आणि त्याला महिन्याला ठरावीक मानधन.

८. अपघात, आजारपण, विमा

बिल्ल्याच्या अर्जाबरोबरच ई-श्रम (असंघटित कामगारांची केंद्राची) नोंदणी आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरून घ्या. त्या योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचं संरक्षण आहे. मात्र ते चालकाचं. प्रवासी किंवा रस्त्यावरचा पादचारी जखमी झाला तर काय, यासाठी पालिकेने सगळ्या पाट्यांची मिळून एकच सामूहिक पॉलिसी घ्यावी. एकट्या चालकाला विमा कंपनी दारातही उभी करत नाही. बँक खातं नसेल तर त्याच टेबलावर उघडा. वर्षातून एकदा डोळे, रक्तदाब आणि गुडघ्यांची तपासणी ठेवा. तिच्या आधारे बिल्ला काढून घेऊ नका. उपचार आणि गरज पडली तर हलकी, मोटारीच्या मदतीची रिक्षा द्या.

९. अंमलबजावणी

जप्ती हा शेवटचा उपाय, तोही फक्त ब्रेक नसलेल्या किंवा खोट्या पाटीच्या रिक्षेसाठी. पहिल्या चुकीला लेखी समज, दुसऱ्यांदा शंभर रुपये, तिसऱ्यांदा तीनशे, आणि प्रत्येक वेळी छापील पावती. जप्त केलेली रिक्षा दंड भरल्यावर ४८ तासांत परत मिळाली पाहिजे आणि ती मोडण्याचा अधिकार कुणालाच नको. दिल्लीच्या निकालानंतर तो मुद्दा संपलेला आहे. दंड मात्र तपासून लावा. ब्रेक नाही, तर दंड रिक्षा भाड्याने देणाऱ्याला. जादा भाडं घेतलं, तर चालकाला.

एक समिती हवी, महिन्याला एकदा बसणारी: पालिका, वाहतूक पोलीस, व्यापारी, प्रवासी आणि निम्मे चालक. त्यांत भाड्याची रिक्षा चालवणारे असलेच पाहिजेत. नाहीतर चालकांच्या नावाने शेठ येऊन बसतात, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

१०. बदल करताना आधीच्या माणसाला आधी

माथेरानचं उदाहरण आपल्या घरचं. २००३ च्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेनंतर तिथे मोटार वाहनांना बंदी कायम राहिली, आणि चढावर माणसं ओढायच्या हातरिक्षा चालूच राहिल्या. परवानाधारक होते ९४. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायचा आदेश दिला, आणि त्यातच गुजरातमधल्या केवडियाच्या धर्तीवर या चालकांनाच ई-रिक्षा द्यायला सांगितलं. निधी नाही ही सबब चालणार नाही, हेही बजावलं. खरे चालक कोण, हे ठरवायचं काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे दिलं.

तुमच्या शहरात सायकल रिक्षेऐवजी नवी रिक्षा आणायची असली तरी यादी हाच कळीचा कागद. मोजणीत ज्याचं नाव आलं त्याला पहिला नंबर, मग त्याच्या घरातल्या बाईला किंवा मुलाला, आणि उरलं तर बाहेरच्याला. यादी वॉर्ड कार्यालयाबाहेर आणि प्रत्येक स्टँडवर पंधरा दिवस लावून ठेवा. नावं गाळल्याच्या आणि घुसवल्याच्या तक्रारी तिथेच समोर येतात.

उपविधी लागू झाल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा पहाटे त्याच वखारींत जा. तोच एका पानाचा फॉर्म न्या, तेच दोन प्रश्न विचारा. चालकाने खिशातून स्वतःच्या फोटोचा बिल्ला काढून दाखवला, तर पाटीचा नंबर त्याच्या कागदाशी जुळवून घ्या आणि पुढच्या वखारीकडे वळा. पुन्हा ‘शेठची’ हेच उत्तर आलं, तर त्या शेठच्या नावावरच्या पाट्या त्याच सकाळी मोजायला घ्या.